चार मोजा, मग तीन: पेटी येणाऱ्या हातांना पियानोच्या कॉर्ड्स

माझ्याकडे नाशिकच्या इंदिरानगरला कीबोर्ड शिकायला येतात त्यांतले निम्मे लोक आधी पेटी शिकलेले असतात. कुणी पंचवटीतल्या भजनी मंडळात साथ केलेली असते, कुणी शाळेत असताना संगीताच्या परीक्षा दिलेल्या असतात. पलटे तयार, कान तयार, बोटांना सवय. तरी ‘कॉर्ड’ हा शब्द आला की हीच मंडळी बिचकतात. आपण एका वेळी एक सूर लावणारी माणसं, तीन सूर एकदम वाजवायचे म्हणजे हे काहीतरी परकं शास्त्र असणार, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. मला मात्र रोज दिसतं ते असं, की ज्याला सरगम येते त्याला कॉर्ड लवकर कळते. ती मोजून काढता येते, पाठ करावी लागत नाही. आणि बसून घोटायची गोष्ट म्हणाल तर ती कॉर्ड नव्हे, एका कॉर्डवरून दुसरीवर जाणं.

मागच्या हिवाळ्यात नाशिक रोडहून एक काका यायला लागले. प्रेसमधून निवृत्त झालेले, घरी वर्षानुवर्षं पेटी वाजवणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून लॅमिनेट केलेला तक्ता काढला. चोवीस कॉर्ड्स, चोवीस चित्रं, प्रत्येकात तीन लाल ठिपके. “ताई, यातल्या अकरा पाठ झाल्यात,” ते म्हणाले, “पण बारावी करायला घेतली की पहिली विसरते.” तक्त्यात चूक काहीच नव्हती. पण चोवीस चित्रांत सांगितलेली गोष्ट खरं तर दोनच ओळींची आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मोजायचं कसं

पेटीवर आपण पट्ट्यांना नंबराने ओळखतो, तेच इथे चालवू. पांढरी एक म्हणजे ज्याला पाश्चात्त्य पद्धतीत सी म्हणतात ती. तिला सा धरा. आता उजवीकडे एकेक पट्टी मोजत जायचं, काळी असो की पांढरी, एकही सोडायची नाही. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन. झाल्या चार. इथे शुद्ध ग आला. तिथून पुढे आणखी तीन: पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच. इथे प आला. सा, ग आणि प एकदम दाबा. ही मेजर कॉर्ड.

मोजताना जवळजवळ सगळे एक चूक करतात. ज्या पट्टीवर बोट आहे तिलाच ‘एक’ म्हणतात आणि मग ग च्या ऐवजी कोमल ग वर जाऊन पोचतात. मी सांगते, सीबीएसला, म्हणजे आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, बसमध्ये बसलात की पुढचे थांबे मोजता ना? सीबीएस मोजत नाही. तसंच हे.

चार आणि तीनच्या ऐवजी आधी तीन आणि मग चार मोजलं, की सा, कोमल ग, प. ही मायनर कॉर्ड. दोन्ही कॉर्ड्समध्ये सा तोच, प तोच. फक्त मधलं बोट एक पट्टी खाली आलं आणि सगळा रंग बदलला. हे वाचून सोडू नका, वाजवून बघा. मधलं बोट पांढरी तीनवरून काळी दोनवर आणि परत, असं सावकाश पाच-सहा वेळा. मेजर उजळ वाटते, मायनर जरा आत वळलेली. शुद्ध आणि कोमल गंधारातला फरक आपल्याला रागांमधून ठाऊकच आहे, इथे तो तीन सुरांच्या घोळक्यात ऐकू येतो एवढंच.

काकांना मी तक्ता उलटा ठेवायला सांगितला आणि काळी एकवरून मोजायला लावलं. काळी एक, तिथून चार पुढे पांढरी चार, तिथून तीन पुढे काळी चार. मग पांढरी दोनवरून: पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा. सप्तकात बारा पट्ट्या, म्हणून बारा मेजर आणि बारा मायनर. त्या दिवशी अर्ध्या तासात काकांनी चोवीसच्या चोवीस स्वतः शोधून काढल्या, एकही पाठ न करता. तक्ता अजून त्यांच्या पिशवीत असतो, पण आता उत्तर तपासायला.

तानपुऱ्यातला गंधार

हेच तीन सूर का? सा-रे-ग एकदम दाबले तर खटकतं आणि सा-ग-प गोड लागतं, ते कशामुळे?

याचं उत्तर पियानोपेक्षा तानपुरा चांगलं देतो. नाशकात हे सांगताना मला विशेष बरं वाटतं, कारण थोर गायक आणि संगीतगुरू विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात इथेच, पंचवटीत, रामनाम आधार आश्रम काढला होता. तानपुऱ्याशी या गावाची जुनी सलगी आहे. खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार नीट लागली असेल आणि खोलीत शांतता असेल, तर त्या एका तारेतून हळूहळू गंधार ऐकू येतो. कुणी छेडलेला नसतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

कुठलीही तार कंप पावते तेव्हा ती अखंड तर हलतेच, शिवाय तिचे अर्धे, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असे भागही आपापल्या वेगाने हलत असतात. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट कंपनांचे बारीक सूर त्यात मिसळलेले असतात. यातला चौपटीचा म्हणजे वरचा सा, पाचपटीचा म्हणजे ग आणि सहापटीचा म्हणजे प. चार, पाच, सहा: मेजर कॉर्डच्या तीन सुरांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण हेच. तंबोरा लावून गायला बसणाऱ्याने सा-ग-प कितीतरी वेळा एकत्र ऐकलेले असतात. पियानो ते उघडपणे वाजवतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण तयार कानाच्या माणसाला ती हमखास टोचते. पियानोवरचा ग जरासा चढा असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक सेकंदाला सुमारे 261.6 कंपनांची. पाचास चारच्या शुद्ध प्रमाणाने ग 327 च्या आसपास यायला हवा, पियानोवर तो 329.6 ला येतो. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडल्यामुळे हे होतं. पंचमात मात्र फरक इतका कमी, अर्ध्या कंपनाहूनही थोडा, की कुणाच्या लक्षात येत नाही. पेटीवरही हीच विभागणी असते. तिचे सूर असे ठरून गेलेले, त्यांत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) सापडत नाहीत, या आक्षेपांवरून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला तीन दशकं लागली. आक्षेप खोटा नव्हता. पण बारा भाग सारखे असल्यामुळेच ‘चार मोजा, मग तीन’ हा नियम कुठल्याही पट्टीवरून चालतो, हेही तितकंच खरं. तेव्हा गंधार चढा वाटला तर तुमचा कान चांगला आहे असं समजा आणि वाजवत राहा.

एका सप्तकातल्या सात

पांढऱ्या पट्ट्यांवर एक आड एक सूर घेत गेलं की सात कॉर्ड्स मिळतात. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे या तीन मेजर. रे-म-ध, ग-प-नि आणि ध-सा-ग या तीन मायनर. उरली नि-रे-म. तिच्यात दोन्ही अंतरं तीन-तीनची, त्यामुळे ती आखडलेली वाटते. सुरुवातीला तिच्या वाटेला गेलं नाही तरी चालतं.

रोजच्या साथीला सा, म आणि प या तीन कॉर्ड्स लागतात. सा ची कॉर्ड म्हणजे घर. म ची कॉर्ड म्हणजे घराबाहेर पडून ओट्यावर बसल्यासारखी. आणि प ची कॉर्ड घरी परतायची घाई लावते. ही घाई कुठून येते ते बघण्यासारखं आहे. प-नि-रे मध्ये नि आहे, आणि नि पासून वरचा सा एका पट्टीवर. गाताना निषादावर थांबलं की ऐकणाऱ्याचा जीव अडकतो आणि षड्ज लागला की सुटतो, हा अनुभव आपला रोजचा. प च्या कॉर्डमध्ये वर म मिळवून प-नि-रे-म वाजवा. आता नि ला सा कडे जायचंय आणि म ला ग कडे उतरायचंय. लगेच सा-ग-प दाबून बघा, मी काय म्हणते ते बोटांखाली कळेल.

हात उचलायचा नाही

आता मुख्य अडचण. काकांना कॉर्ड्स सापडल्या, पण गाण्याला साथ करायला बसले की मोडायचं. मी त्यांचा हात बघत बसले. सा-ग-प वाजवून झालं की ते सगळा पंजा हवेत उचलायचे, उजवीकडे न्यायचे, वाकून म शोधायचे, मग ध, मग वरचा सा. तोपर्यंत लय पुढे निघून गेलेली असायची. कॉर्ड बरोबर यायची, दोन मात्रा उशिरा.

मी म्हटलं, “काका, अंगठा सा वरून हलवायचाच नाही. दुसरी कॉर्ड अंगठा न उचलता शोधा.”

त्यांनी बराच वेळ पट्ट्यांकडे पाहिलं. म च्या कॉर्डचे सूर म-ध-सा. सा तर अंगठ्याखाली आहेच. मधलं बोट ग वरून शेजारच्या म वर सरकलं, एकच पट्टी. करंगळी प वरून ध वर, दोन पट्ट्या. सा-म-ध. कॉर्ड तीच, फक्त सुरांचा क्रम बदलला. “अरेच्चा, हे तर इथंच होतं,” काका म्हणाले आणि मग दहा मिनिटं त्या दोनच कॉर्ड्स वाजवत बसले.

सूर तेच असले की खालीवर कसेही लावा, कॉर्ड तीच राहते. याला इन्व्हर्जन म्हणतात. आपण उलटी मांडणी म्हणू. सा-ग-प, ग-प-सा, प-सा-ग, एकाच कॉर्डची तीन रूपं. आज ही गोष्ट उघड वाटते, पण 1722 मध्ये जाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकाराने हार्मनीवरच्या आपल्या ग्रंथात ती सिद्धान्त म्हणून नीट मांडली, आणि तेव्हापासून कॉर्ड्सकडे बघायची दृष्टीच बदलली.

प च्या कॉर्डकडेही असंच जायचं. सा-ग-प वर हात आहे, करंगळी प वर. प दोन्हीकडे आहे, म्हणून करंगळी तिथेच राहू द्या. अंगठा सा वरून डावीकडे एक पट्टी, नि वर. रे तर्जनीने घ्या. नि-रे-प. आणि ध-सा-ग या मायनर कॉर्डकडे जाणं तर याहून सोपं: सा आणि ग जागेवर, करंगळी तेवढी प वरून ध वर. सा-ग-ध. एक बोट हललं आणि मेजरची मायनर झाली.

म वरून प कडे जाताना मात्र दोन्हींत सामाईक सूर नाही. सा-म-ध वरून नि-रे-प वर येताना तिन्ही बोटं खाली उतरतात: अंगठा एक पट्टी, मधला सूर तीन, करंगळी दोन. नवख्यांचा हात इथेच अडखळतो. म्हणून हा एकच बदल वेगळा काढून घासायचा.

रियाज

सगळ्या कॉर्ड्स ओळीने वाजवत जाणं हा फार उपयोगाचा रियाज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने कॉर्ड सापडते, साथ जमत नाही. दोनच कॉर्ड्स घ्या. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, किंवा मोबाइलवर तबल्याचा ठेका लावा, मला तोच जास्त आवडतो. एका कॉर्डला चार मात्रा. पहिल्या मात्रेला दाबायची, धरून ठेवायची आणि चौथ्या मात्रेला नजर पुढच्या पट्ट्यांवर न्यायची. बोटं नजरेच्या मागून जातात. या गतीने मिनिटात पंधरा बदल होतात. पाच मिनिटं सलग, न अडखळता झाले की दोन-दोन मात्रांवर या, म्हणजे मिनिटात तीस. त्यानंतर केरव्याच्या आठ मात्रांत दोन कॉर्ड्स, एक समेवर आणि एक पाचव्या मात्रेवर. अडखळलात तर गती कमी करा, थांबू मात्र नका. चुकीची कॉर्ड वाजली तरी चालेल, सम चुकता कामा नये. गाणाऱ्याला चुकलेला सूर क्षणभर खटकतो. मोडलेली लय त्याला गाऊच देत नाही.

वाजवताना एक कान मधल्या सुराकडे ठेवा. अंगठा जड असतो, करंगळी कडेला असते, आणि मधलं बोट गुपचूप हलकं पडतं. मग मेजर की मायनर हेच कळत नाही, कारण ते ठरवणारा सूरच दबलेला. तपासायला सोपी युक्ती: कॉर्ड धरून ठेवायची आणि तिच्यातला फक्त ग आकारात गायचा. सापडला नाही तर मधलं बोट आळशी आहे. मग फक्त प गा, मग सा. पेटीवर गळा आणि बोटं बरोबर चालवायची सवय असते, तिचा इथे फार उपयोग होतो.

मनगट सैल हवं. तिन्ही बोटं बरोबर पडावीत म्हणून लोक हात काठीसारखा ताठ करतात आणि दहा मिनिटांत कोपरापर्यंत दुखायला लागतं. दुखलं की थांबायचं, रेटायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोटं गारठलेली असतात, निफाडकडची थंडी काय असते ते इथे कुणाला सांगायला नको. वाजवण्याआधी कोमट पाण्यात हात धरले तर पहिली पाच मिनिटं वाया जात नाहीत.

डावा हात आणि पाय

पेटीवर डावा हात भात्याला लागतो. पियानोवर तो मोकळा झाला की काय करायचं ते सुचत नाही, आणि मग लोक तीच सा-ग-प खालच्या सप्तकात डाव्या हाताने दाबतात. गढूळ ऐकू येतं. खर्जात सूर इतके जवळ ठेवले की त्यांच्यातले ते बारीक सूर एकमेकांत गुंततात. खाली मोकळी जागा ठेवा: डाव्या करंगळीने सा, अंगठ्याने प किंवा वरचा सा. गंधार उजव्या हाताकडे सोडा. कॉर्ड बदलली की करंगळी नव्या कॉर्डच्या मूळ सुरावर न्यायची, म्हणजे म ला म आणि प ला प. उजव्या हाताची मांडणी कशीही उलटीपालटी असली तरी कॉर्ड कोणती ते ऐकणाऱ्याला डाव्या हातावरून कळतं.

सस्टेन पेडल (पायाने दाबून सूर लांबवायचं) असेल तर ते कॉर्डबरोबर दाबायचं नाही. नवी कॉर्ड पडते त्या क्षणी पाय वर, आणि कॉर्ड वाजल्यावर लगेच खाली. बरोबरच दाबलं तर जुनी कॉर्ड नवीत सांडते. हे आठवडाभर तरी जमत नाही, मग अचानक जमतं.

काळी चार आणि भूप

बायका गायला बसल्या की बहुधा काळी चार किंवा काळी पाच सांगतात. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण आहे, ते दाबून पांढरी एकच वाजवत राहता येतं. घाई असेल तर दाबा. पण मोजता येतं तर काळी चार अवघड नाही. सा ची कॉर्ड: काळी चार, पांढरी एक, काळी दोन. म ची: काळी एक, पांढरी चार, काळी चार. प ची: काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. तिन्हींत मधलं बोट पांढरीवर आणि बाजूची दोन काळीवर. हाताचा घाट एकच, जागा तेवढी बदलते. मला तर सगळीच्या सगळी पांढऱ्या पट्ट्यांवर असलेली सा-ग-प याहून निसरडी वाटते.

काकांनी महिन्याभराने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. त्यांच्या मंडळात भूप रागातलं एक भजन म्हणतात. सा, म, प या तीन कॉर्ड्स लावल्या तर बरोबर बसतात, पण ऐकताना ‘भूप राहत नाही’. त्यांचा कान अगदी खरं बोलत होता. भूपात म आणि नि वर्ज्य. म ची कॉर्ड लावली की मध्यम घुसला, प ची लावली की निषाद घुसला. गाणाऱ्याने टाळलेले सूर साथीदार मागून वाजवतोय.

मग सा-रे-ग-प-ध एवढ्याच पाच सुरांत कोणत्या कॉर्ड्स पूर्ण बसतात, ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. दोनच निघाल्या: सा-ग-प आणि ध-सा-ग. त्यांच्यात अंतर करंगळीच्या दोन पट्ट्यांचं. प वर ठहराव आला की पूर्ण कॉर्ड लावायची नाही, नुसते प आणि रे ठेवायचे, मध्ये निषादाची जागा रिकामी. आणि सा वर परतण्याआधी ग च्या जागी रे घेऊन सा-रे-प धरायचं, मग रे वरून ग वर यायचं.

काकांनी ते तिथेच वाजवून पाहिलं, डाव्या हाताने फक्त सा आणि प, उजव्याने या दोन कॉर्ड्स, आणि वर हळू आवाजात भजन. दुसऱ्या कडव्याला ते पट्ट्यांकडे बघायचं विसरले होते.